चौघांची फियाट

आमच्या मजल्यावर सामाईक गोष्टी तीन होत्या. नळ, संडास आणि १९९४ च्या दिवाळीनंतर फियाट. पहिल्या दोहोंवरून भांडणं व्हायचीच. तिसरीवरून होऊ नयेत म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एक वही घातली, असं चाळीत सगळे सांगत. ते खरं नाही. वही गाडीबरोबर आली होती, डिकीतल्या जॅकशेजारी, मेणकापडात गुंडाळून.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. पण गिरगावात तिला पद्मिनी म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. १९८४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १०८९ सीसीची, फिकट निळी. गिअरचा दांडा हँडलच्याच खांबाला, त्यामुळे पुढचं आसन म्हणजे सलग बाक. त्यावर तीन माणसं आरामात बसायची आणि चौथं पोर मांडीवर. तिच्या आधीच्या मॉडेलला आमच्याकडची जुनी माणसं ‘डुक्कर फियाट’ म्हणायची. डुक्कर म्हटलं तरी त्यात आदर होता, कारण ती डॉक्टरांकडे असायची, नाहीतर वकिलांकडे. फियाटचं बुकिंग करून माणसं वर्षानुवर्षं थांबायची. नंबर लागला की ती गाडी नुसत्या कागदावरच वर पैसे घेऊन दुसऱ्याला विकायची. हे सगळं १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि हळूहळू बदललं. दहा वर्षांत ज्याला त्याला मारुती हवी झाली आणि फियाटचे भाव उतरले. उतरत उतरत ते आमच्या आवाक्यापर्यंत आले, इतकंच. आम्ही काही वर चढलो नव्हतो.

आम्ही म्हणजे चौघं. ताई सव्वीस वर्षांची, बँकेत कायम नोकरी. पलीकडच्या खोलीतला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. लालबागची मामेबहीण, तेव्हा नुकती शिकवायला लागलेली. आणि मी, बाविसाव्या वर्षी पहिल्या पगारावर. गाडी अठ्ठेचाळीस हजारांची. ताईने पतपेढीतून पंचवीस हजार उचलले, काका जामीन राहिले. दादाने बारा घातले, मी सहा, मामेबहिणीने पाच. कर्ज ताईच्या नावावर, म्हणून गाडीही ताईच्या नावावर. त्या दिवशी आम्हा तिघांना वाटलं, ताईचं नाव लागलं, आपली मजा झाली. नाव लागतं त्याच्या डोक्याला काय लागतं, ते ताईलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ‘पारशाने वापरलेली’ असं लिहिलं असलं की मुंबईत पुढे काही विचारायचं नसतं. आम्ही दादरच्या पारशी कॉलनीत गेलो, फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला. सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ खाली आले. त्यांनी किमतीचं काही न बोलता आम्हालाच प्रश्न घातले. चालवनार कोन? उभी कुठे करनार? छप्पर हाय? अण्णांनी खरं ते सांगितलं, की छप्पर नाही, वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर राहील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रस्त्यावर ठेव, पन खिडकीतून दिसली पायजे.” आणि त्यांनी ती वही अण्णांच्या हातात दिली. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात रकाने आखलेली वही म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही.

तारीख, किलोमीटर, पेट्रोल, खर्च, शेरा. दहा वर्षांची नोंद, बारीक तिरप्या इंग्रजी अक्षरात. प्लग साफ केले त्याची तारीख, फॅन बेल्ट बदलला त्याचे पैसे, बॅटरीत पाणी घातलं तो दिवस. शेवटची ओळ आम्ही गाडी नेली त्या सकाळची. त्यात त्यांनी लिहिलं होतं, गाडी दिली, टाकी अर्धी. काट्यावर अण्णांचा विश्वास बसेना. काटा खरोखरच खोटं बोलायचा, चढावर एक आणि उतारावर दुसरं. पण म्हाताऱ्यांचा हिशेब बरोबर निघाला. गाडी विकणारा माणूस टाकीत पेट्रोल ठेवून विकतो, याने अण्णा इतके हलले की घरी येऊन त्यांनी पहिला आणि एकच नियम काढला. टाकी अर्ध्याखाली गेलेली चालणार नाही. ज्याच्या हातून जाईल त्याने वर येण्याआधी भरायची.

अण्णांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. चाळीसेक लिटरची टाकी, लिटरला दहा-अकरा किलोमीटर, यावरून ते खोलीत बसल्या बसल्या टाकीत किती आहे ते सांगायचे. गाडी लावून आलं की चपला काढण्याआधी किलोमीटरचा आकडा सांगायचा, मग चहा. दादा एकदा आकडा विसरून वर आला तर त्याला तीन मजले उतरून पुन्हा जावं लागलं. भुलाभाई देसाई रोडवर कुणासाठी जास्तीची फेरी मारली, तेही त्या आकड्यांतून बाहेर आलं. वहिनी आता हसते त्यावर.

शिकवलं मामाने. मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो म्हणायचा, दोन महिन्यांत परत लागू. अडीच लाख माणसं असंच म्हणत होती. वर्ष गेल्यावर त्याने टॅक्सीचा बिल्ला काढला आणि दुसऱ्याच्या टॅक्सीवर बारा तासांची रातपाळी धरली. टॅक्सी अर्थात फियाटच. म्हणजे आम्ही जी गाडी हौसेने घेतली, ती त्याच्या हातात पोटासाठी आली होती. हे आम्हाला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. त्याने सुचू दिलं नाही.

रविवारी पहाटे रात्रीची पाळी संपवून मामा सरळ आमच्या वाडीच्या तोंडाशी यायचा. पहिले दोन रविवार त्याने गाडी सुरूच करू दिली नाही. बॉनेट उघडायचं. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालायची, पुन्हा काढून बघायची. रेडिएटरचं पाणी बघायचं, गाडी थंड असतानाच, आणि तरीही झाकणावर फडकं ठेवून. चार टायरांना बुक्की मारायची, स्टेपनीला पाचवी. मग गाडीभोवती एक फेरी आणि शेवटी खाली वाकून बघायचं. हे वाकणं त्याला फार महत्त्वाचं होतं. गिरगावात उन्हात गाडीखाली कुत्री झोपतात, मांजरी वितात, चेंडू शोधणारं पोर आत सरपटत गेलेलं असतं. दादा म्हणाला, “मामा, हॉर्न दिला की उठतात की!” मामा म्हणाला, “बहिऱ्याला हॉर्न ऐकू येतो काय रे?” आज तिसाव्या वर्षीही मी गाडीत बसण्यापूर्वी वाकतो. टॉवरच्या तळघरातला सुरक्षारक्षक माझ्याकडे संशयाने बघतो.

क्लच कसा सोडायचा, हे मोटर ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी पंधरा दिवस सांगून मला कळलं नव्हतं. मामाने एका वाक्यात सांगितलं. “रात्री उशिरा घरी आलास, आई दाराशीच झोपलीय, तेव्हा दार कसं लावतोस? तसा सोड.” दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं! ताईला तर पहिल्याच दिवशी जमलं. तिला रोज उशीर व्हायचा.

चढावर गाडी धरायला शिकायची तर दादरचा टिळक ब्रिज. मामा म्हणायचा, ज्याला टिळक ब्रिज जमला त्याला कसारा जमेल. ताईची पाळी होती. ती पूर्वेकडून चढत होती, मामा शेजारी, आम्ही तिघं मागे. अर्ध्या चढावर पुढची टॅक्सी थांबली. ताईने ब्रेक दाबला, गाडी बंद पडली. मागे बेस्टची बस. रविवारची सकाळ असली तरी दादरचा फुलबाजार रविवार पाळत नाही, त्यामुळे बसच्या मागे झेंडूची पोती लादलेला टेम्पो, त्यामागे आणखी काय काय. ताईने चावी फिरवली, गाडी सुरू झाली, तिने ब्रेकवरून पाय उचलला आणि आम्ही मागे घसरलो. हातभर असेल. पण मागच्या काचेतून बसचा रेडिएटर दातासारखा दिसत होता आणि मामेबहिणीने डोळे मिटून घेतले होते. मामाने हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून हात बाहेर काढून बसवाल्याला थांबायची खूण केली. मग तो ताईला हळूच म्हणाला, “घाई त्यांना आहे. आपल्याला नाही.” तिसऱ्या खेपेला गाडी पुढे सरकली. वर पोचल्यावर ताईने हात कपाळाला लावून बघितला, आपण घामाने भिजलोय का ते. बसच्या ड्रायव्हरने उतारावर आम्हाला मागे टाकताना तिच्याकडे बघून मान हलवली. ती शाबासकी होती की कीव, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

ताडदेवच्या आरटीओत ताई पहिल्या खेपेला पास झाली. मी रिव्हर्स घेताना मागचं चाक पदपथावर चढवलं आणि महिन्याने पुन्हा गेलो. आमच्या कुटुंबात पहिलं लायसन्स बाईला मिळालं, ही गोष्ट काकांना पचायला जरा वेळ लागला. जामीन राहिल्यामुळे ते फार काही बोलू शकले नाहीत. ते ताडदेव डोक्यात असं बसलंय की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी तिथेच २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, हे पेपरात वाचलं तेव्हा मला आधी तो पदपथ आठवला.

गाडी कुठे उभी करायची, हा चाळीतल्या माणसाचा खरा प्रश्न. पार्किंग हा शब्दच आमच्याकडे नंतर आला. आधी ‘जागा’ असायची. वाण्याच्या दुकानाचा फळा आणि वाडीची कमान यांच्यामधले चौदा फूट, ती आमची जागा. कायद्याने आमची नव्हती. ती वाण्याच्या मर्जीने, पोरांच्या कृपेने आणि ताईच्या पहाटे उठण्याने आमची होती. पोरांशी तह असा झाला की मागचा बंपर स्टंप धरायचा, पण काचेला चेंडू लागला तर सहा धावा वजा. काच एकदाच फुटली. पैसे पोरांनी वर्गणी काढून दिले आणि आईने ते परत केले, हे दोन्ही वहीत आहे.

गणपतीत जागा जायची. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तिथे मंडपाच्या वाशापुढे फियाटची काय कथा! मंडळाचे कार्यकर्ते वासे उतरवण्याच्या आदल्या दिवशी येऊन सांगायचे, “ताई, उद्या सकाळी.” बस्स. मग दहा-अकरा दिवस गाडी फिरतीवर. कधी मामाकडे लालबागला न्यावी तर तिथे त्याच दिवसांत पायही ठेवायला जागा नसते. कधी चौपाटीमागच्या रस्त्यावर, कधी दादरला आत्याकडे. एका वर्षी चुकीच्या बाजूला लावली म्हणून उचलून नेली. दंड भरून सोडवून आणली तेव्हा पुढचा बंपर वाकलेला होता. मी तणतणत होतो. अण्णांनी वहीत ‘दंड’ आणि ‘बंपर’ असे दोन वेगळे रकाने केले आणि दंडापुढे माझं नाव लिहिलं. बंपरापुढे कुणाचंच नाही.

नाव लिहिण्यावरून पाववाल्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यातली पहाट होती. दादाला स्टेशनला सोडून मी परत येत होतो. गल्लीत समोरून सायकलवर पाववाला. दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे पेटी. मी निघेन असं धरून चाललो, तोही निघेल असं धरून चालला. माझा आरसा त्याच्या हँडलला लागला. तो पडला नाही, पाय टेकून उभा राहिला, पण पेटी कलंडली आणि पावाच्या लाद्या एकामागून एक डबक्यात. माणसाला काही झालं नाही हे बघून मी, खोटं कशाला बोलू, वीस रुपयांची नोट त्याच्या हातात कोंबली आणि निघून आलो. वर येऊन आकडा सांगितला. अण्णांनी विचारलं, आरसा का वाकलाय? खिडकीतून दिसली पाहिजे, हे पारशीबाबांचं वाक्य त्यांनी असं अमलात आणलं होतं.

त्यांनी मला चहा घेऊ दिला नाही. आम्ही दोघं खाली उतरलो, पाववाल्याला तीन गल्ल्या पलीकडे गाठलं. अण्णांनी त्याचं नुकसान विचारलं, लाद्या मोजल्या. चौदा. त्याचे पैसे चुकते केले, वीस रुपये परत मागितले नाहीत. मग त्याला विचारलं, “हाताला लागलंय का?” मनगट सुजलं होतं. ते मी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं, मलमपट्टी केली, आणि ओल्या लाद्या त्याच्याकडे नकोत म्हणून आम्ही घेऊन आलो. वरच्या कोरड्या निघालेल्या आठ लाद्यांचं काय करायचं, म्हणून आईने वाटाण्याची उसळ टाकली. दोन दिवस आख्ख्या मजल्याने उसळ-पाव खाल्ला. जो तो येऊन विचारायचा, कशाबद्दल? आणि अण्णा शांतपणे सांगायचे, “याने गाडी मारली त्याबद्दल.” वहीतला शेरा : पाव, १४ लाद्या. माझं नाव.

विम्याचं काम माझ्याकडे होतं. एका वर्षी मी विसरलो. नऊ दिवस गाडी विम्याशिवाय फिरली. ताईच्या ध्यानात आलं तेव्हा ती ओरडली नाही. तिने खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “या नऊ दिवसांत कुणाला काही झालं असतं तर कोर्टात कुणाला बोलावलं असतं?” गाडी चौघांची, पण समन्स एकटीचं. तिच्या लग्नाचं तेव्हा बघत होते. त्या रात्री मला मालकी हा शब्द पहिल्यांदा नीट कळला आणि तो मला अजिबात आवडला नाही.

खिळ्याचं राहिलं. किल्ली आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या खिळ्याला असायची. आमचं दार रात्रीसुद्धा नुसतं लोटलेलं. वाडीत कुणालाही कधीही गरज लागली तर दार ढकलून आमच्यापैकी कुणाच्याही पायाला हात लावून उठवायचं, असं कधी ठरलं नाही, पण पहिल्या महिन्यापासून तसं झालं. आम्ही गाडी घेतली तेव्हा डोक्यात माथेरान होतं, मरीन ड्राइव्ह होतं. प्रत्यक्षात पहिली लांबची फेरी झाली ती रात्री दोन वाजता बाळंतपणाची. मग दम्याचे एक काका, ज्यांना थंडीत तीनदा न्यावं लागायचं. भाजलेली मुलगी. बारावीच्या पेपराला उठायला उशीर झालेला मुलगा, त्यालाही आणीबाणीतच धरलं. अर्ध्या टाकीचा नियम का होता, हे तेव्हा कळलं. अण्णांना आधीच कळलेलं होतं की पारशीबाबांकडून कळलं, ते मी त्यांना विचारलं नाही.

१९९६ च्या डिसेंबरात तळमजल्यावरच्या आजोबांना नेलं. छातीत दुखत होतं. त्यांच्या हृदयाचे सगळे कागद केईएमचे होते, म्हणून केईएम. मी चालवत होतो, मागे आजोबा, त्यांचा मुलगा आणि ताई. चोक ओढून गाडी सुरू केली, जास्त ओढला गेला, पेट्रोलचा वास आला आणि ती बंद पडली. अशा वेळी थांबायचं असतं, पुन्हा पुन्हा चावी फिरवायची नसते. मी थांबलो. तेवढी दोन मिनिटं मला आजही मोजता येतात. मग लॅमिंग्टन रोड, मुंबई सेंट्रल, सात रस्ता, चिंचपोकळीचा पूल, लालबाग. रस्ता मोकळा होता. वाटेत नायर हॉस्पिटलचा फाटा आला तेव्हा ताई म्हणाली, “इथेच?” मुलगा म्हणाला, “नको, कागद तिकडे आहेत.” मी काहीच म्हटलं नाही, गाडी सरळ ठेवली. भारतमातापाशी ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आरशात बघू नकोस, असा त्याचा अर्थ होता.

परत आलो तेव्हा उजाडलं होतं. गाडी जागेवर लावली, वर जाऊन आकडा सांगितला. अण्णांनी तो लिहिला आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. पूर्ण वहीत तो एकच कोरा आहे.

त्यानंतर चार दिवस त्या मागच्या आसनावर कुणी बसेना. कुणी बोललं नाही, पण पोरंसुद्धा बंपरपासून लांब खेळायला लागली. पाचव्या दिवशी दुपारी आई खाली उतरली. हातात मेथीच्या दोन जुड्या आणि रोळी. तिने मागचं दार उघडलं, नेमकी त्या जागी बसली, पाय बाहेर रस्त्यावर सोडले आणि मेथी निवडायला लागली. थोड्या वेळाने आजोबांची सून दारात येऊन उभी राहिली. आईने सरकून जागा केली. दोघींनी मिळून मेथी निवडली. देठं पायाशी पडत होती. संध्याकाळी ती मी झाडली, आणि पोरांनी स्टंप पुन्हा बंपरला लावले.

पुढची वर्षं भराभर गेली. ताईचं लग्न झालं, ती ठाण्याला गेली, कर्ज फिटलं, पण नाव तिचंच राहिलं. दसऱ्याला ती यायची, हार तिच्या हातून, लिंबं चाकाखाली तिच्याच हातून. १९९९ साली गाडीला पंधरा वर्षं झाली, पुन्हा पासिंग करून घेतलं. मे महिन्यात कोकणात जाताना ती कशेडी घाटात हमखास रुसायची. उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन पंप अडायचा. मामाने शिकवल्याप्रमाणे पंपावर ओला पंचा टाकायचा आणि झाडाखाली बसून करवंदं खायची. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा कुर्ल्याला, जुन्या बाजारात जायला लागलो. योगायोगाने दादा तिथल्याच बाजूला नोकरीला लागला आणि गाडी रोज त्याच्याकडे राहिली.

२६ जुलै २००५. गिरगावात नेहमीसारखा पाऊस होता. कुलाब्याला त्या दिवशी ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्यामुळे दादा संध्याकाळी आला नाही तेव्हा आम्हाला आधी रागच आला. तो लालबहादूर शास्त्री मार्गावर अडकला होता. पाणी सायलेन्सरपर्यंत आलं तेव्हा मामाने हिंदमाताच्या पाण्यात शिकवलेलं त्याने केलं. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. पुढची गाडीच थांबली, तेव्हा त्याला काही करता आलं नाही. पाणी दाराच्या वर आलं, दार उघडेना. त्याने हाताने काच खाली फिरवली आणि खिडकीतून बाहेर पडला. त्या रात्री नव्या, बटणाच्या काचांच्या गाड्यांत काही माणसं आतल्या आत गेली. काच फिरवायच्या त्या दांड्याला आम्ही किती वर्षं नावं ठेवत होतो, कारण तो निखळून हातात यायचा.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत आरसी बुक. अण्णांनी त्याला बसवलं, आईने चहा दिला. कुणी काही बोललं नाही. चहा संपल्यावर दादाने स्वतःच आकडा सांगितला. खिडकीतून बाहेर पडण्याआधी त्याने तो बघून ठेवला होता.

आठवड्याने आम्ही चौघं कुर्ल्याला गेलो. ताई ठाण्याहून आली, मामेबहीण शाळेतून रजा टाकून, मामाही आला. गाडी तिथेच, रस्त्याच्या कडेला ओढून ठेवलेली होती. जिथे ती तयार झाली त्या कारखान्यापासून फार लांब नव्हे. आसनांतून अजून पाणी गळत होतं. मामाने सवयीने बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, पुन्हा काढली. तेल दुधाळ झालं होतं. त्याने ती जागेवर नीट खोचली आणि बॉनेट लावलं.

भंगारवाल्याशी भाव दादाने केला. चासी नंबरचा तुकडा कापून घेतला. चौदा दिवसांच्या आत ताडदेवला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची, हे ताईला कुणी सांगावं लागलं नाही. तिने बँकेतून अर्धी रजा टाकली, सह्या केल्या, पावती घेतली आणि ती अण्णांना आणून दिली.

अण्णांनी चष्मा पुसला, वही उघडली. तारीख. किलोमीटर, दादाने सांगितलेला आकडा. खर्चाच्या रकान्यात भंगाराचे पैसे, चार भाग करून. मग ते थोडा वेळ बोटांवर हिशेब करत बसले. शेवटचं पेट्रोल कधी भरलं, त्यानंतर किती चालली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, गाडी दिली. टाकी अर्धी, पाण्यासकट.